ओढणे आणि पेलणे : फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी ट्रक व हिच निवडताना

आम्ही सुरुवात उलट्या टोकाने केली, हे आधीच कबूल करते. ह्यूस्टनच्या पश्चिमेला असलेल्या केटी या उपनगरात आमची बरीच वर्षे गेली. दोघेही निवृत्त झाल्यावर वर्षातले पाच-सहा महिने फिरत्या घरात काढायचे आणि त्यासाठी मोठा फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचा, इथपर्यंत आमचे एकमत होते. पण ट्रेलर पक्का होण्याआधीच माझ्या पतींनी ट्रक पाहून ठेवला. इकडे ज्याला पाऊण टनी म्हणतात त्या वर्गातला, चार दारांचा, चारही चाकांना ताकद देणारा, डिझेल इंजिनाचा, गर्द निळ्या रंगाचा तो पिकअप होता. हा ट्रक १८,००० पौंडांहून अधिक वजन ओढतो असे विक्रेत्याने सांगितले. आमच्या मनात भरलेल्या ३८ फुटी ट्रेलरचे भरलेले कमाल वजन १५,५०० पौंड, म्हणजे साधारण ७,०३० किलो होते. अडीच हजार पौंड हाताशी राहतात, आणखी काय हवे, असा विचार करून आम्ही पाचशे डॉलर विसार देऊन घरी आलो.

मी स्थापत्य अभियंता आहे. पुलाच्या खांबांवर कुठून किती भार येतो हे मोजण्यातच माझी नोकरी गेली. तरीही त्या दिवशी मी फक्त ओढण्याचा आकडा ऐकला आणि पेलण्याचा विचारलाच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. घोड्यांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चक्र बसवलेले असे. चार चाकांनंतरचे ते पाचवे, म्हणून त्याला फिफ्थ व्हील हे नाव पडले. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरांत पुढच्या गाडीच्या पाठीवर ग्रीसने माखलेली, मागे खाच असलेली जाड पोलादी थाळी दिसते, ती याच कुळातली. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखाली गोळ्यावर अडकवतात. फिफ्थ व्हील ट्रेलरचे नाक मात्र उंच असते आणि ते थेट पिकअपच्या हौद्यावर येते. त्या नाकाखालून दोन इंच व्यासाची एक पोलादी खुंटी, म्हणजे किंगपिन, खाली उतरते व हौद्यात मागच्या आसाच्या बरोबर वर बसवलेल्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या यंत्राच्या, जबड्यांत अडकते. ओढण्याची जागा आसावर आल्यामुळे मागचा ट्रेलर शेपटासारखा हेलकावत नाही. पण त्याच कारणाने ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येऊन बसतो.

हा हिस्सा किती असतो, हे मला खरे तर लहानपणापासून ठाऊक असायला हवे होते. कराडजवळच्या आमच्या गावातून गळिताच्या हंगामात कारखान्याला उसाच्या बैलगाड्या जात. मोळ्या रचताना वडील पुन्हा पुन्हा समोर येऊन जू हाताने उचलून पाहत. मागे जास्त ऊस पडला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त पडला की बैलांचे खांदे सुजतात. थोडे वजन जुवावर हवेच, पण बैलांना पेलेल इतकेच. ट्रेलरचेही अगदी तसेच आहे. बंपरखाली अडकवण्याच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर असावा लागतो; फिफ्थ व्हीलमध्ये तो १५ ते २५ टक्के असतो, आणि मोठ्या ट्रेलरांत बहुधा २० टक्क्यांच्या पुढेच जातो. कमी ठेवावा तर ट्रेलर अस्थिर होतो, म्हणून त्यात काटकसर करता येत नाही.

विसार दिल्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा ट्रक पाहायला गेलो, तेव्हा मी चालकाचे दार उघडून चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचला. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन २,११७ पौंडांहून अधिक असू नये, असे त्यावर छापले होते. म्हणजे साधारण ९६० किलो. आता आमच्या ट्रेलरच्या माहितीपत्रकात किंगपिनवरचा भार २,५०० पौंड दिला होता. तोही कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचा. त्यात पाण्याची टाकी रिकामी, गॅसच्या टाक्या रिकाम्या, बॅटऱ्या नाहीत, कपडे-भांडी नाहीत. आम्ही आत पाय ठेवण्याआधीच ट्रकची क्षमता संपलेली होती. घरी येऊन मी हिशेब मांडला. भरलेल्या ट्रेलरचे वजन १५,५०० पौंड आणि त्याचे २२ टक्के, म्हणजे ३,४१० पौंड किंगपिनवर. हिच १५० पौंड, आम्ही दोघे मिळून ३३०, अवजारे व किरकोळ सामान १००. एकूण ३,९९० पौंड. स्टिकरवरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

विक्रेता खोटे बोलला नव्हता, हे मात्र म्हटले पाहिजे. ओढण्याचा आकडा एका प्रमाणित पद्धतीने ठरतो. तिचा क्रमांक एसएई जे२८०७ आहे आणि त्यातली चढाची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक घाटाच्या मोजमापावर बेतलेली आहे. वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ठरावीक किमान वेग राखत तो चढ चढला पाहिजे, अशी अट असते. पण त्यात ट्रकमध्ये दीड-दीडशे पौंडांची दोनच माणसे धरतात आणि किंगपिनवरचा भारही बेताचा धरतात. इंजिन, गिअरपेटी, ब्रेक आणि थंड राखण्याची व्यवस्था यांची ती परीक्षा आहे. मागचा आस, कमानपाटे आणि टायर यांच्यावर तुमच्या घरातले सामान किती बसेल, हे त्या आकड्यातून कळत नाही.

यात एक गंमतही आहे. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनाहून काही शे पौंड जड असते. गाडीचे भारासह कमाल वजन, ज्याला इकडे जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, ते पाऊण टनी वर्गात बहुतेकदा १०,००० पौंडांवर बांधलेले असते, कारण त्यापुढे गाडी वाहनांच्या वरच्या वर्गात जाते. कमाल आकडा स्थिर आणि इंजिन जड, तेव्हा उरलेली पेलण्याची क्षमता आपोआप घटते. म्हणजे ओढण्याचा आकडा वाढवण्यासाठी लोक डिझेल घेतात आणि त्याच व्यवहारात पेलण्याचा आकडा गमावतात. चामडी आसने, छतातली काच, मोठी चाके यांचेही वजन त्याच खात्यातून वजा होते. तो निळा ट्रक सर्व सोयींनी नटलेला होता, आणि त्याचा स्टिकर इतका लहान असण्याचे तेही एक कारण होते.

कॅम्पिंगच्या जागी भेटलेल्या दोन-तीन अनुभवी लोकांनी सुचवले की मागच्या आसावर हवेच्या पिशव्या बसवा, ट्रकचे बूड खाली बसणार नाही. बूड बसत नाही, हे खरे. पण पिशवीमुळे आसाची, टायरची किंवा ब्रेकची ताकद वाढत नाही आणि दारावरचा आकडाही बदलत नाही. पुलाचा खांब वाकू नये म्हणून त्याला रंग द्यावा, तसा तो उपाय मला वाटला. विसार परत मागितला. मिळायला तीन आठवडे आणि चार फोन लागले.

मग क्रम सरळ केला. आधी ट्रेलर पक्का केला, त्याच्या भरलेल्या वजनावरून किंगपिनचा भार काढला आणि तो हातात घेऊन ट्रक शोधायला निघालो. पुढची पायरी एक टनी वर्गाची होती. पाऊण टन, एक टन ही नावे जुन्या काळच्या वहनक्षमतेवरून पडली आहेत. आजच्या गाड्यांच्या खऱ्या क्षमतेशी त्यांचा संबंध उरलेला नाही. या वर्गात दोन प्रकार येतात. एकाच्या मागच्या आसाला दोन चाके असतात. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना जोडचाके, म्हणजे मागे एकूण चार असतात, आणि त्याला सगळे ड्युअली म्हणतात.

माझ्या पतींना दोन चाकांचा हवा होता. त्यांचे कारण अगदी व्यवहाराचे होते: ड्युअलीची मागची बाजू सुमारे आठ फूट रुंद असते, तो बँकेच्या किंवा खाद्यपदार्थांच्या खिडकीसमोरच्या चिंचोळ्या वाटेत शिरत नाही, टायर चारऐवजी सहा घ्यावे लागतात आणि आतल्या चाकाची हवा तपासायला हात वाकडा करून घुसवावा लागतो. मी आकडे मांडले. पाहिलेल्या एका दोनचाकी ट्रकला मागे २७५/७०आर१८ मापाचे टायर होते. ८० पीएसआय दाबाला त्यांची प्रत्येकी मर्यादा ३,६४० पौंड, म्हणजे दोघांची मिळून ७,२८० पौंड होते. त्या ट्रकच्या मागच्या आसावर रिकामेपणीच सुमारे ३,४०० पौंड वजन होते. त्यात किंगपिनचे ३,४१० आणि हिचचे १५० मिळवले की ६,९६० होतात, आणि हौद्यातली अवजारे धरली की सात हजारांच्या पुढे जातात. बेरीज बसत होती. फक्त मर्यादेपर्यंत अडीचशे पौंडही उरत नव्हते, आणि उन्हाळ्यात टेक्सासच्या तापलेल्या डांबरावर, ताशी साठ मैलांनी, टायर त्याच्या शेवटच्या आकड्यावर चालवायची माझी तयारी नव्हती. नोकरीत मी कुणाला तसे डिझाइन मंजूर करू दिले नसते. घरात कशी देणार?

शेवटी ड्युअली ठरला. या वर्गात अमेरिकेत फोर्ड एफ-३५०, राम ३५०० आणि शेवरोले किंवा जीएमसीचा ३५००एचडी हे खरे पर्याय आहेत, आणि तिन्हींच्या ड्युअलीचे कमाल वजन १४,००० पौंडांपर्यंत मिळते. इंजिनांवरून इथे घरोघरी जे वाद चालतात त्यांत मी पडले नाही. तिन्ही डिझेल इंजिने आमचा ट्रेलर सहज ओढतील अशी आहेत. पेट्रोल इंजिनाचा विचार मात्र केला होता, कारण ते स्वस्त व हलके असते. पण टर्बो नसलेले इंजिन उंचीवर विरळ हवेमुळे दम गमावते, दर हजार फुटांना साधारण तीन टक्के, आणि आम्हाला कोलोरॅडोत जायचे होते. शिवाय उतारावर गाडी रोखून धरणारा एक्झॉस्ट ब्रेक डिझेलमध्ये मिळतो. दोन वर्षे वापरलेला एक एफ-३५० जवळच मिळाला; पांढरा, कापडी आसनांचा, आठ फुटी लांब हौद्याचा. निळ्या रंगाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

इतक्या जड ट्रकांवर तो पिवळा-पांढरा स्टिकर असतोच असे नाही, कारण त्याची सक्ती १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना आहे. तेव्हा खरा उपाय म्हणजे वजनकाटा. टाकी भरून, आम्ही दोघे बसून, व्यवहार होण्याआधीच मी ट्रक काट्यावर नेला. वजन भरले ८,५२० पौंड. १४,००० मधून ते वजा करता ५,४८० पौंड उरले.

ड्युअलीमुळे एक नवे काम मात्र मागे लागले. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांच्या कमाल वजनांची बेरीज २६,००० पौंडांच्या पुढे जात असेल आणि ट्रेलर १०,००० पौंडांहून मोठा असेल, तर खासगी वापरालाही अ वर्गाचा, बिगरव्यावसायिक परवाना लागतो. पाऊण टनी ट्रकबरोबर बेरीज २५,५०० होत होती आणि साधा परवाना चालला असता. आता ती २९,५०० झाली. लेखी परीक्षा अवघड नव्हती. प्रत्यक्ष परीक्षेला स्वतःचीच जोडगाडी न्यावी लागते. आमच्या गल्लीतील एक निवृत्त ट्रकचालक सोबत आले आणि त्याआधी चार रविवार एका मोकळ्या वाहनतळावर त्यांनी आम्हा दोघांना मागे जाणे शिकवले. सुकाणूचा खालचा भाग धरायचा आणि ट्रेलरचे बूड ज्या बाजूला न्यायचे त्या बाजूला हात न्यायचा, ही त्यांची युक्ती माझ्या हाताला लगेच बसली. पतींना वेळ लागला, असे त्यांच्याच परवानगीने लिहिते.

आता हिच. ट्रक निवडताना जेवढा गोंधळ झाला तेवढा इथे झाला नाही, पण विचार जास्त करावा लागला. पहिला प्रश्न हौद्याच्या लांबीचा होता. ट्रक काटकोनात वळतो तेव्हा ट्रेलरच्या नाकाचा कोपरा ट्रकच्या केबिनकडे येतो. किंगपिनपासून तो कोपरा ट्रेलरच्या अर्ध्या रुंदीइतका बाजूला असतो. आमचा ट्रेलर ९६ इंच रुंद, म्हणजे निम्मे ४८ इंच. आमच्या लांब हौद्याच्या ट्रकमध्ये मागच्या आसापासून केबिनपर्यंत मी मोजलेले अंतर सुमारे ५६ इंच होते, तेव्हा आठ इंच मोकळे राहत होते. आखूड हौद्याच्या ट्रकमध्ये हेच अंतर ४० इंचांच्या आसपास असते. तिथे काटकोनात वळताना ट्रेलर मागची काच फोडून आत येऊ शकतो. म्हणून आखूड हौद्यासाठी सरकते हिच वापरतात. काही वळताना आपोआप मागे सरकतात, काहींचा खटका उतरून हाताने काढावा लागतो. ते जड असतात, महाग असतात आणि त्यांत हलणारे भाग जास्त. लांब हौदा घेतल्याने आमची यातून सुटका झाली. त्याबदल्यात बावीस फुटी ट्रक बाजारात उभा करताना रोज जागा शोधावी लागते.

दुसरा प्रश्न हिच ट्रकला कशी बसवायची हा. पूर्वापार पद्धत म्हणजे हौद्याच्या पत्र्याला भोके पाडून दोन आडव्या पट्ट्या सांगाड्याला बोल्टने आवळायच्या आणि त्यांवर हिच उभा करायचा. पद्धत भक्कम आहे, पण हिच काढल्यावरही पट्ट्या हौद्यात राहतात आणि पोती सरकवताना अडतात. हल्ली कारखान्यातूनच सांगाड्याला जोडलेली आडवी तुळई आणि हौद्याच्या पृष्ठभागाशी समतल अशी चार गोल बिळे मिळतात. हिचचे चार पाय त्यांत घालून मुठी पाव फेरा फिरवल्या की तो पक्का बसतो. आमच्या ट्रकला ही सोय होती आणि हौद्यातच विजेच्या सात पिनांचा सॉकेटही होता. ट्रक निवडताना रंगापेक्षा हे पाहावे, असे मी भेटेल त्याला सांगते.

तिसरा पर्याय मला बराच मोह घालत होता. हौद्याच्या मध्यभागी एक गोळा असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमची एक हलकी चौकट बसते. तिचे वजन जेमतेम पस्तीस-चाळीस पौंड, म्हणजे मी एकटी उचलू शकेन असे. पण गोळ्यावर लांब मान बसवून ट्रेलर ओढण्याच्या काही प्रकारांत किंगपिनच्या वर ट्रेलरच्या सांगाड्यावर जो पीळ पडतो तो वाढतो, आणि काही सांगाडा बनवणारे अशा जोडणीला हमी देत नाहीत. चौकटीचा प्रकार त्याहून वेगळा आहे, ती किंगपिन होता तिथेच ठेवते, हे मला समजत होते. तरीही पूर्ण जबडा किंगपिनभोवती मिटलेला डोळ्यांना दिसावा, ही माझी अट होती. पुष्कळ लोक ती चौकट वर्षानुवर्षे वापरतात. माझा निर्णय कदाचित स्वभावाचा असेल.

घेतला तो हिच कॅन्ससमधील हंबोल्ट या गावी बनणारा बी अँड डब्ल्यूचा कम्पॅनियन. त्याची क्षमता ट्रेलरच्या कमाल वजनाहून बरीच वर आहे. तो दोन भागांत सुटतो, त्यामुळे आम्ही दोघे मिळून काढू-घालू शकतो. डोके पुढे-मागे आणि डावी-उजवीकडेही झुकते, म्हणून खडबडीत जमिनीवर जोडताना ट्रक व ट्रेलर एका पातळीत नसले तरी पिन अडत नाही. किंगपिनला दोन्ही बाजूंनी घेरणारे जबडे असल्याने सुटताना-थांबताना बसणारा तो खडखडाटी धक्का फार कमी होतो. थाळीला ग्रीस लावण्याऐवजी किंगपिनवर प्लास्टिकची एक चकती बसवली. नाहीतर प्रत्येक पँटवर काळा डाग ठरलेला.

उंची जुळवण्यात मात्र एक अख्खी दुपार गेली. आजचे चार चाकांना ताकद देणारे ट्रक इतके उंच आहेत की हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचे नाक यांत पुरेशी फट राहत नाही. खड्ड्यात किंवा पेट्रोलपंपाच्या तिरक्या उंचवट्यावर नाक कडेवर आपटू नये म्हणून किमान सहा इंच ठेवावेत, असा संकेत आहे. फट वाढवावी तर ट्रेलरचे नाक वर उचलले जाते आणि वजन मागच्या आसाकडे झुकते. ट्रेलर समतल करावा तर फट कमी होते. हिच मधल्या भोकावर ठेवला तेव्हा फट सात इंच आणि ट्रेलर सुमारे दोन इंच नाक वर करून उभा होता. एक भोक खाली घेतल्यावर फट सहा इंच झाली आणि नाकही जवळजवळ सरळ आले. तिथेच थांबलो. हे माप भार पडल्यावर घ्यायचे असते, कारण किंगपिन टेकली की ट्रकचे बूड दोन-एक इंच बसते. मी पहिल्यांदा रिकाम्या ट्रकवर मापले आणि सगळे पुन्हा केले.

पहिल्या जोडणीच्या वेळी जे घडले ते मी विसरणार नाही. ट्रेलरचे पुढचे पाय आम्ही गरजेपेक्षा जास्त उंच ठेवले होते. ट्रक मागे घेतला, खट् असा आवाज झाला, पतींनी आतून अंगठा दाखवला. मी विजेरी घेऊन हौद्याच्या बाजूने वाकून पाहिले तर ट्रेलरची थाळी आणि हिचची थाळी यांच्यात बोटभर फट दिसत होती. किंगपिनचा खालचा जाड कडा जबड्यांच्या वर टेकला होता, आत नव्हता. तसेच निघालो असतो तर पहिल्याच वळणावर किंवा ब्रेकला साडेतीन हजार पौंडांचे नाक हौद्याच्या कडांवर बसले असते. तेव्हापासून पाय आखडून नाक इतके खाली घेतो की ट्रक मागे येताना हिचनेच नाक किंचित उचलले पाहिजे. जोडल्यावर फट विजेरीने पाहायची, मूठ पूर्ण मिटली का ते पाहायचे, खिळा घालायचा, ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार ट्रकला अडकवायची. मग चाकांखालचे ठोकळे तसेच ठेवून, ट्रेलरचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले असताना, हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढून पाहायचा. जबडा सुटलाच तर नाक पायांवर टेकते, ट्रकवर नाही. याला पाच मिनिटे लागतात. मागून कितीही गाड्या ताटकळत असल्या तरी मी ती पाच मिनिटे घेते.

खरा निकाल काट्यावर लागला. इथल्या महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांत कॅट कंपनीचे काटे असतात. त्यांत तीन वेगळे पाट असतात, म्हणून ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वजने सुटी मिळतात. पहिल्या प्रवासाच्या तयारीत, पाण्याची टाकी एक तृतीयांश भरून, सगळे सामान लादून आम्ही काट्यावर चढलो. पुढचा आस ४,८६० पौंड, मागचा ७,२२०, ट्रेलरचे आस ११,५६०, एकूण २३,६४०. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक पुन्हा तोलला: पुढे ४,८२०, मागे ३,९७०, एकूण ८,७९०. जोडलेल्या ट्रकचे १२,०८० होते, तेव्हा किंगपिनवर ३,२९० पौंड. ट्रेलरचे पूर्ण वजन १४,८५०, आणि प्रमाण २२ टक्क्यांना लागून. माझा अंदाज १२० पौंडांनी जास्त निघाला. म्हणजे दोनचाकी ट्रकही कागदावर चालला असता, हे पतींनी काट्याच्या पावतीवर बोट ठेवून मला दाखवले, आणि ते बरोबरच होते.

त्यांनीच दोन दिवसांनी तो विषय मिटवला. ॲमरिलोच्या आसपासच्या सपाट पठारावर वाऱ्याला अडवायला झाड नाही. बाजूने येणारा झोत अडतीस फुटी भिंतीवर आदळतो. ट्रेलर थोडा झुकायचा, पण ट्रकची रुंद जोडचाके जागची हलत नव्हती. आम्ही ताशी बासष्ट मैलांच्या वर गेलो नाही, कारण ट्रेलरचे टायर जास्त वेगाला बनवलेले नसतात. डिझेल गॅलनला दहा मैल, म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर पुरले. पुढे डलहार्ट, क्लेटन करत रॅटनला आलो आणि न्यू मेक्सिको-कोलोरॅडो सीमेवरची ७,८३४ फूट उंचीची रॅटन खिंड चढलो. चढाचे काही वाटले नाही. उतारावर, ट्रिनिडादच्या दिशेने, पतींनी टो-हॉलची, म्हणजे ओझे ओढताना वापरायची, कळ आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही चालू ठेवले. गिअरपेटीने आपणच खालचे गिअर पकडले आणि गाडी ताशी पंचेचाळीसवर घुमत उतरली. पायाचा ब्रेक खाली येईपर्यंत चार-पाचदाच लागला. खंबाटकीच्या घाटात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असे आमच्या काकांचे सांगणे असे; ते काम आता गिअरपेटी न सांगता करते. खाली थांबल्यावर मी सगळ्या चाकांच्या तुंब्यांना हाताची पाठ लावून पाहिली. कोमट होत्या.

परतल्यावर एकच फेरफार केला. अवजारांची जड पेटी नाकाखालच्या कप्प्यातून काढून मागच्या कप्प्यात ठेवली, पण थोडीच मागे. वडिलांचे जू उचलून पाहणे आठवत होते. सध्या पतींच्या मनात हौद्यात साठ गॅलनची जादा डिझेल टाकी बसवायचे आहे. डिझेल गॅलनला सात पौंडांहून थोडे जास्त भरते, तेव्हा नुसते इंधनच सव्वाचारशे पौंड, शिवाय टाकी वेगळी. ट्रकच्या कमाल वजनात अजून १,९२० पौंड शिल्लक आहेत, म्हणजे वजनाला माझी हरकत नाही. पण हिच आणि केबिन यांच्यातल्या छप्पन्न इंचांत ती टाकी ट्रेलरच्या नाकाखाली किती उंच चालेल, हे मोजायचे राहिले आहे. फीत मी ट्रकच्या दाराच्या कप्प्यात ठेवली आहे.